खोक्यावरचे वॅट आणि जळालेली आर्मेचरं

या महिन्याच्या टपालात एकच रड आहे: हँड मिक्सर नवा घेतला आणि महिना-दोन महिन्यांत जळाला. साईट पाथर्डी फाट्याची असो, मखमलाबादची असो की नाशिकरोडची, हकिकत तीच. खोक्यावर २१०० वॅट, दुकानदाराची तोंडी गॅरंटी, आणि टाईल अ‍ॅडेसिव्हच्या बादलीत रॉड अडकून निघालेला धूर. रिवाइंडिंगवाल्याकडे गेलं की तो म्हणतो, लोड जास्त दिला. दुकानदारही तेच म्हणतो.

लोड जास्त दिला नव्हता, मशीनच त्या लोडचं नव्हतं. खोकं बाजूला ठेवा आणि मशीनवरची नेमप्लेट वाचा. २३० व्होल्टला २१०० वॅट म्हणजे नऊ अँपिअरच्या वर करंट. आता वायरीच्या टोकाचा प्लग बघा. बहुतेक ठिकाणी तो सहा अँपिअरचा सापडेल, आणि सहा अँपिअरवर १३८० वॅटच्या पुढे जाता येत नाही. म्हणजे खोकं तरी खोटं बोलतंय, नाहीतर प्लग तरी चुकीचा लावलाय. दोन्हींपैकी काहीही असलं तरी ते मशीन उचलू नका.

आकडा खरा असला तरी तो मशीन किती वीज खातं तेवढंच सांगतो, रॉडला किती जोर मिळतो ते सांगत नाही. बाजारातले स्वस्त ‘पुट्टी मिक्सर’ एकाच गिअरचे असतात आणि हलक्या मालाच्या वेगाला बांधलेले. त्यात घट्ट मोर्टर घातलं की मिस्त्री डायल एक नंबरवर आणतो. त्याचं चुकत नाही, माल उडू नये म्हणून तो वेग कमी करतो. पण डायलने वेग उतरवला की मोटरवरचा पंखाही मंदावतो आणि करंट मात्र चढलेलाच राहतो. वारा कमी, उष्णता जास्त. आधी कार्बन झिजतात, मग आर्मेचर जातं. अ‍ॅडेसिव्ह, ब्लॉक जॉइंटिंग मोर्टर आणि रेडीमिक्स प्लास्टरला दोन गिअरचंच मशीन घ्या. पहिल्या गिअरला चार-साडेचारशे आरपीएमच्या आसपास फिरणारं, म्हणजे मोटर पूर्ण वेगात राहते आणि जोर गिअर देतो. ड्रिलला रॉड लावून माल कालवणाऱ्या सभासदांना काय सांगावं? रॉड अडकला की ड्रिल हातातून फिरतं आणि मनगट जातं. मनगट तुमचं नसतं, बिगाऱ्याचं असतं.

रॉडही मालाप्रमाणे बदलावा लागतो. जड मोर्टरला तळातून माल वर उचलणारा, पातळ मालाला वरून खाली ढकलणारा. एकच रॉड सगळ्याला चालवला की बुडाशी कोरडी पावडर राहते. जिप्समच्या बादलीकडे तर कोणी बघतच नाही. आधी पाणी, मग पावडर, क्षणभर भिजू द्यायची, आणि गुठळ्या गेल्या की थांबायचं. जास्त घुसळलं तर ते लवकर आवळतं. बादलीच्या कडेला मागच्या घाणीचं जिप्सम चिकटलेलं असेल तर ते नव्या मालाला विरजणासारखं लागतं आणि भिंतीवर जायच्या आधीच माल बसतो. मग कारागीर वरून पाणी मारतो आणि पुढे भिंत पोकळ वाजते.

वाळू-सिमेंटचा गिलावा मात्र या मशीनवर टाकू नका. एक पोतं सिमेंट पस्तीस लिटर. १:४ ला चौपट वाळू धरली की कोरडा मालच पावणेदोनशे लिटर होतो. तिथे मोठा मिक्सरच लागतो, आणि क्रश सँडमध्ये पूड जास्त असेल तर पॅन मिक्सर, कारण ड्रममध्ये घट्ट मालाचे गोळे होतात.

हे आपल्याला कळतं, तपासणीला येणाऱ्या साहेबांना कळत नाही. माल कारखान्यातून मापून पोत्यात आलेला, त्यात फक्त पाणी घालायचं, तरी प्रश्न ठरलेला: दहा-सात मिक्सर कुठाय? एका वाचकाला निव्वळ फोटोपुरता ड्रम मिक्सर भाड्याने आणून उभा करावा लागला. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या स्पेसिफिकेशनमध्ये मोर्टरसाठी हाताने किंवा पॉवरवर चालणारा मेकॅनिकल मिक्सर, एवढंच म्हटलं आहे. लहान कामांत हाताने कालवू देण्याचा अधिकारही इंजिनिअर-इन-चार्जला दिला आहे. ज्यांच्या हाती तो अधिकार आहे त्यांनी ते पान निदान एकदा वाचावं. भाडं ठेकेदार भरतो आणि गिलाव्याला त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. त्याआधीच्या कामांच्या तारखा जळालेल्या मशीनसाठी सरकत नाहीत. म्हणून सभासदांनो, आजच एक काम करा. तुमच्या मशीनच्या नेमप्लेटचा, प्लगचा आणि खोक्याचा फोटो काढून बिलाच्या प्रतीसह आमच्याकडे पाठवा. ज्यांची मशीनं जळाली त्यांनी तर नक्कीच. पन्नास फोटो जमले की ते घेऊन विक्रेत्यांसमोर बसू, आणि त्यांनी ऐकलं नाही तर ग्राहक आयोगात जाऊ. तोवर जो दुकानदार तुमच्याच बादलीत, तुमच्याच मालावर मशीन चालवून दाखवणार नाही, त्याच्याकडून खरेदी बंद ठेवा.