वेगाची भुकटी

यंदाच्या क्रीडास्पर्धेत शंभर मीटरच्या शर्यतीत आमचा एक गुणी धावपटू इशाऱ्यापूर्वीच सुटला आणि बाद ठरला. त्याचे हात कापत होते. चौकशी करता कळले, की त्याने व्यायामापूर्वी घ्यावयाची बाजारी भुकटी पाण्यातून घेतली होती.

अशा भुकट्या दोन जातींच्या असतात. एकीत चहा-कॉफीतलेच कॅफीन, पण पुष्कळ अधिक असते. ते मेंदूला थकव्याची जाणीव होऊ देत नाही. वजनाच्या दर किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम घेतल्यास प्रौढ खेळाडूंना काहीसा लाभ होतो, हे खरे. परंतु काही क्षणांत संपणाऱ्या धावेत तो अल्पच. ऑलिंपिकमध्ये त्याच्या अतिरेकावर असलेली बंदी २००४ साली उठली. म्हणून ते मुलांना योग्य ठरत नाही.

दुसरीत कॅफीन नसते. क्रिएटिन, बीटा-अ‍ॅलनिन आदी द्रव्ये असतात. ती अनेक दिवस घेतल्यावरच स्नायूंवर परिणाम करतात. आयत्या वेळच्या चमच्याने अंगाला मुंग्या तेवढ्या येतात, आणि भोळा खेळाडू त्यांनाच शक्ती समजतो!

उसना उत्साह रात्रीच्या झोपेतून वसूल होतो. वाढत्या वयाला झोप, सकाळची पेज आणि नित्याचा सराव हेच खरे बळ.

त्या मुलावर मी रागावलो नाही. डबा त्याने आणला खरा. पण हरण्याचे भय त्याच्या मनात आम्हा वडीलधाऱ्यांनीच घातले होते. ते आधी आपण काढून घेऊ या.