वहीतला पाऊस आणि अंगणातला पाऊस

प्राथमिक शाळांच्या निबंधवह्यांत दरवर्षी जो पावसाळा येतो, तो सर्वत्र एकसारखाच असतो. काळे ढग जमतात, मोर पिसारा फुलवून नाचतो, धरती हिरवा शालू नेसते, बळीराजा आनंदित होतो आणि मुले कागदाच्या होड्या सोडतात. गाइडमधील ही पाचसहा वाक्ये तिसरी-चौथीच्या मुलांना तोंडपाठ असतात. सातपूरच्या कामगार वसाहतीत वाढणाऱ्या मुलाने मोर नाचताना बहुधा पाहिलेला नसतो. त्याने पाहिलेले असते ते निराळेच. पहिल्या सरीबरोबर वीज जाते, पत्र्यावरच्या आवाजाने घरातले बोलणे ऐकू येईनासे होते, रात्रपाळीहून परतलेल्या वडिलांचे कपडे निथळत असतात आणि नंदिनीच्या पुलाखालून (जुनी माणसे तिला अजून नासर्डीच म्हणतात) गढूळ पाणी फेस घेऊन धावते. हा पाऊस निबंधात येत नाही, कारण तो लिहिण्याजोगा आहे असे त्या मुलाला कोणी सांगितलेले नसते.

याला मी केवळ भाषाशिक्षणातील उणीव मानत नाही. आपण डोळ्यांनी पाहिले त्यापेक्षा छापलेले अधिक खरे, ही समजूत वयाच्या आठव्या वर्षी रुजली की पुढे ती सहजासहजी निघत नाही. आपल्या समाजाच्या दृष्टीने तर ही गोष्ट अधिकच गंभीर आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी दुसऱ्यांच्या बांधावर पाऊस अंगावर घेतला. वारा कोणत्या दिशेला फिरला म्हणजे सर येते, मुंग्या अंडी घेऊन केव्हा निघतात, कोणत्या नक्षत्रात पेरणी साधते, हे त्यांना ठाऊक होते. लेखणी मात्र त्यांच्या हाती नव्हती, म्हणून ते ज्ञान त्यांच्या नावावर कोठेही जमा झाले नाही. आज लेखणी नातवंडांच्या हाती आली आहे आणि तिच्याकडून आपण न पाहिलेल्या मोराचा नाच उतरवून घेत आहोत.

निवासी शाळेला या बाबतीत जी संधी आहे, ती इतर शाळांना नाही. एका नाशिक जिल्ह्यातच किती प्रकारचे पावसाळे आहेत! इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तर येवला-नांदगावकडे पाचशेच्या आसपास. सुरगाणा-पेठकडील मुलाच्या मनातील आषाढ म्हणजे भाताची आवणी आणि चिखलात रुतणारे पाय. सिन्नरच्या पूर्व भागातील मुलीच्या मनातील आषाढ म्हणजे कोरडे आभाळ आणि टँकरपुढची रांग. निफाडकडच्या मुलांना कडाक्याची थंडी आणि द्राक्षबागेत रात्री पेटवलेल्या शेकोट्या ठाऊक असतात. ही मुले वसतिगृहाच्या एकाच खोलीत शेजारी शेजारी झोपतात. त्यांना एकच ‘पावसाळा’ लिहायला लावणे म्हणजे हाताशी आलेला धडा वाया घालवणे होय. बालभारतीने तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हानिहाय काढले, त्यामागचा विचार योग्यच होता. पण त्याच्या पुढचे पाऊल शाळेनेच टाकायचे असते.

एक उदाहरण देतो. पुष्कळदा नाशिक शहरात ऊन पडलेले असते आणि तरीही गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी चढते. नाशिककर पिढ्यान्‌पिढ्या पुराचे माप याच मूर्तीवर मोजत आले आहेत: पाणी गुडघ्याला आले, छातीला लागले, डोक्यावरून गेले. शहरात पाऊस नसताना हे पाणी आले कोठून, असा प्रश्न चौथीच्या वर्गाला विचारून पाहावा. त्र्यंबकच्या डोंगरांतला पाऊस, गंगापूर धरणाचा साठा, तेथून सोडलेला विसर्ग आणि पाणी घाटावर पोहोचायला लागणारा वेळ, हे सर्व मुले स्वतःच जुळवू लागतात. त्या दिवशी जे लिहून होईल त्यात एकही शालू नसेल.

महाराष्ट्राला हा मार्ग नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. पाने, बिया, शिंपले हेच तेथले शैक्षणिक साहित्य होते.

आपल्या परंपरेलाही पावसाचे भान जुनेच आहे. विनयपिटकात वर्षावासाचे कारण सांगितले आहे ते असे: भर पावसात फिरणारे भिक्खू हिरवे गवत आणि लहानसहान जीव तुडवतात, पक्षीसुद्धा या दिवसांत घरटे करून राहतात, अशी लोकांनी तक्रार केली. म्हणजे नियमाच्या मुळाशी सामान्य माणसांचे निरीक्षण होते. येथून जवळच असलेल्या त्रिरश्मी लेण्यांत, दहाव्या लेण्यातील नहपानाचा जावई उषवदात याच्या शिलालेखात, तेथे वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण देण्याची व्यवस्था कोरलेली आहे. त्या काळी पावसाळा जमाखर्चात धरला जात होता. सहलीला नेलेल्या मुलांना हे दाखवावे आणि डोंगरात खोदलेल्या पाण्याच्या पोढ्याही दाखवाव्यात.

यावर काही शिक्षकबंधू म्हणतील की मुलांना प्रमाण मराठी यायला हवी, परीक्षेत गुण मिळायला हवेत, आणि त्यासाठी आदर्श निबंध लागतोच. प्रमाण भाषेचा आग्रह मला मान्य आहे. कचेरीत आणि व्यासपीठावर आपल्या मुलांना तीच भाषा बळ देणार आहे. तथापि क्रम महत्त्वाचा आहे. मुलाने आधी पाहावे, मग आपल्या घरच्या शब्दांत लिहावे आणि त्यानंतर गुरुजींनी ऱ्हस्वदीर्घ सुधारावे. सुधारताना ‘पाण्याने कांदा सडला’ हे वाक्य खोडून तेथे ‘बळीराजा आनंदित झाला’ असे लिहू नये, एवढीच विनंती आहे.

साधन म्हणावे तर फारसे लागत नाही. सरळ उभ्या बाजूंचे एक भांडे, एक पट्टी आणि एक जाड वही पुरे. भांडे गच्चीवर किंवा मैदानात, झाडाभिंतीपासून दूर ठेवावे. हवामान खाते सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजते. आपणही तीच वेळ धरावी. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे गणिताच्या तासाला शिकवता येते. रोज दोन मुलांनी माप लिहावे आणि खाली त्या दिवशी पाहिलेले एक वाक्य लिहावे. गावाकडून फोन आला तर तिकडच्या पावसाचीही नोंद करावी. वही संपली की ग्रंथालयात ठेवावी, फेकू नये. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते आणि शाळाही त्याच पंधरवड्यात उघडते. पहिल्या वहीचा आणि भांड्याचा खर्च माजी विद्यार्थ्यांपैकी कोणीही एकटा करू शकेल. पालकांनी मात्र घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मुलांजवळ बसवून त्यांच्या आठवणीतला दुष्काळ आणि पूर सांगायला लावावा, म्हणजे वहीची पहिली पाने जून येण्यापूर्वीच भरतील.