"भारी आहे रे!" म्हणणाऱ्यांसाठी

ऑफिसात कुणी कोड रिव्ह्यूला दिला आणि मी नुसतं "मस्त!" म्हणून मोकळा झालो, तर आमचा लीड माझी सालटी काढेल. पण तोच कोड लिहिणारा माणूस रात्री जागून भयकथा लिहितो, दहा जणांना वाचायला देतो, आणि दहाच्या दहा जण "भारी आहे रे, जाम फाटली" एवढंच म्हणतात. कुठल्या पानावर फाटली ते विचारा, की सगळे गप्प!

हा मोठेपणा वगैरे काही नाही, शुद्ध कामचुकारपणा आहे.

एका मित्राची अशीच कथा आहे. पुण्यातली सोसायटी, टँकरचं पाणी, त्या पाण्यातून एक परजीवी माणसांच्या अंगात शिरतो. कल्पना झकास. पण पहिला माणूस तिसऱ्या पानावर खलास, दुसरा पाचव्या, आणि पुढे नुसता रक्ताचा सडा. "भारी"वाल्यांनी भारी म्हटलं. एका शुद्धलेखनवाल्याने "पाणि"ची वेलांटी दुरुस्त करून कर्तव्य संपवलं. अहो, पण तो जीव यजमानाला इतक्या घाईने मारतोय कशाला? (शास्त्रात परजीवी ज्याच्या अंगात राहतो तो यजमान. आज्जीच्या पिढीतल्या बायका नवऱ्याला यजमान म्हणायच्या. असो.) यजमान मेला तर हा राहणार कुठे, खाणार काय? एकानेही विचारलं नाही.

काही परजीवी मारतात, नाही असं नाही, पण आपलं काम उरकल्यावर. १९७९च्या 'एलियन'मध्ये तो जीव छाती फोडून बाहेर येतो हे सगळ्यांना आठवतं. त्याआधी तो माणूस शुद्धीवर येतो, सगळ्यांबरोबर हसत जेवायला बसतो, हे विसरतात. खरी भीती त्या जेवणात आहे.

एवढं लांब तरी कशाला जायचं? आपल्याकडचा नारू घ्या. बारवेतल्या पाण्याबरोबर सायक्लॉप्स नावाचे बारीक जीव पोटात जायचे, त्यांच्यात नारूची अळी. जवळजवळ वर्षभर काही कळायचं नाही. मग पायाला फोड यायचा, आगआग व्हायची. माणूस आग शमवायला पाय पाण्यात बुडवायचा, आणि नेमकी तेव्हाच मादी हजारो अळ्या त्या पाण्यात सोडायची. गाव तेच पाणी प्यायचं. तो मीटरभर लांब जंत काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, मध्येच तुटला तर आणखी हाल. देशातला शेवटचा रुग्ण १९९६चा, २०००मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. यात कुणी किंचाळत नाही की रक्ताचा सडा नाही. माणूस आपल्या पायांनी चालत जाऊन परजीवीचं काम करून येतो, बस्स.

आता मित्राच्या कथेचं दुसरं पान बघा. पहिला माणूस रात्री तीनदा उठतो आणि नळ सोडून नुसता उभा राहतो, का ते त्यालाच माहीत नाही. हे वाचल्यावर मी उठून बाथरूमचा नळ बंद आहे ना ते बघून आलो. एवढी जबरदस्त जागा, आणि ओळी किती? चार! त्याला सांगायला हवं होतं ते हे: या चार ओळींची चार पानं कर, माणसाला जिवंत ठेव, शेजाऱ्यांना आग्रह करकरून पाणी पाजू दे. जीवशास्त्र चुकलं तरी चालेल, पण त्या जीवाला काय हवंय ते लेखकाला माहीत पाहिजे.

"हौशी आहे रे, कशाला नाउमेद करायचं?" हे एक ठरलेलं उत्तर. नाउमेद प्रश्नांनी होतो होय? दहा "भारी"च्या जोरावर त्याने कथा एका दिवाळी अंकाकडे पाठवली. साभार परत. सोबत कारणाची एक ओळ नाही. आता संपादक मूर्ख की हे दहा जण खोटारडे, हे त्याला कळायला काही मार्ग नाही. दुसरी कथा सुरू केली होती त्याने. ती बाराव्या पानावर थांबलीय.