नुसतं ‘सिंटॅक्स एरर’ पुरेसं नाही

ओकॅमल या फंक्शनल प्रोग्रॅमिंग भाषेत ‘लेट एक्स’ लिहून बरोबरच्या चिन्हापुढे किंमत लिहायची राहिली, तर कंपायलर ‘सिंटॅक्स एरर’ एवढंच सांगून मोकळा होतो. नवख्याने त्यातून काय समजायचं?

हा संदेश येतो तो वाक्यरचना तपासणाऱ्या पार्सरकडून. व्याकरणाचे नियम दिले की असा पार्सर आपोआप तयार करणारी साधनं जुनी आहेत. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी घडवलेलं ‘यॅक’ १९७०च्या दशकातलं. हॅस्केल या भाषेसाठी ‘हॅपी’ आहे, तर ओकॅमलसाठी फ्रान्स्वा पोतिए आणि यान रेजिस-जियानास यांचं ‘मेनहिर’.

मेनहिरची खरी कमाल वेगळीच आहे. पार्सर कुठे कुठे अडू शकतो, त्या प्रत्येक जागेची यादी ते चुकीच्या वाक्याच्या नमुन्यासह काढून देतं. प्रत्येक नमुन्यापुढे समजेल असा संदेश मात्र माणसानेच लिहायचा. काम किचकट खरं, पण ‘कॉम्पसर्ट’ या सी कंपायलरच्या मंडळींनी ते नेटाने केलं.

ओकॅमलचा कंपायलरही २०१९ पासून मेनहिरवरच चालतो. म्हणजे साधन हाताशी आहे. आता हे संदेश लिहिण्याचं काम नव्या सोयींच्या आधी हाती घ्यायला हवं. शिकणाऱ्यांची पहिली गाठ चुकांशीच पडते.