नोकरी बदलली, राज्य बदललं. पेन्शनची वर्षं मागे सोडू नका

बेळगाव : खानापूर तालुक्यातला मुलगा आयटीआय करून आधी गोव्यात वेर्ण्याला किंवा कुंडईला कारखान्यात लागतो. चार-पाच वर्षांनी घर जवळ पडतं म्हणून उद्यमबागेत किंवा मच्छेत येतो. पुढे पगार बरा मिळाला की कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत जातो. तीन नोकऱ्या, तीन राज्यं. आपल्या भागात यात नवल काही नाही. प्रत्येक वेळी नोकरी सोडताना प्रश्नही एकच असतो : पीएफ काढायचा की ठेवायचा? त्या पीएफसोबत पेन्शनही असते, तिचं नाव मात्र कुणी काढत नाही.

आता तो विषय काढावाच लागेल. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत झालेल्या बैठकीत ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने पैसे काढण्याचे नियम बदलण्याचा निर्णय घेतला. पीएफमधली ७५ टक्के रक्कम सहज काढता येईल, २५ टक्के खात्यात राहील. नोकरी सुटल्यावर पूर्ण पीएफ काढण्यासाठी दोन महिन्यांऐवजी बारा महिने आणि पेन्शनचे पैसे काढण्यासाठी दोन महिन्यांऐवजी ३६ महिने थांबायचं. कामगारांमध्ये जास्त चर्चा पहिल्या भागाची झाली. पण जास्त परिणाम करणारा बदल शेवटचा आहे.

पैसा कुठे जातो?

मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के आपले कापले जातात, ते सगळे पीएफमध्ये जातात. मालकही १२ टक्के भरतो. त्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत, म्हणजे ईपीएस १९९५ मध्ये जातात आणि उरलेले पीएफमध्ये. पेन्शनसाठी पगाराची मर्यादा १५ हजार आहे, म्हणून महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. (१ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा पीएफमध्ये आलेल्या आणि तेव्हाच मूळ पगार १५ हजारांच्या वर असलेल्यांना ही पेन्शन लागू नाही.)

पीएफवर व्याज मिळतं, २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होतं. पेन्शनच्या पैशावर आपल्या नावाने व्याज जमा होत नाही. तिथे मोजली जातात ती वर्षं. सूत्र सरळ आहे : शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. दहा वर्षं भरली की ५८ व्या वर्षापासून पेन्शन. साडेनऊ वर्षं झाली तरी दहा धरतात.

फॉर्म १९ सोबत १०सी

गडबड इथे होते. सायबर सेंटरवाला किंवा एजंट पीएफचा फॉर्म १९ भरतो आणि त्याच दमात पेन्शनचा १०सी भरून टाकतो. पैसे दोन्हीकडून येतात, माणूस खूश. पण १०सीने पैसे घेतले की ती वर्षं पुसली जातात. पुढच्या नोकरीत मोजणी पुन्हा शून्यापासून.

समजा एकाने १५ हजारांवर नऊ-नऊ वर्षांच्या दोन नोकऱ्या केल्या. प्रत्येक वेळी १०सी भरला तर साधारण १ लाख ४० हजार हातात येतात, पेन्शन काही नाही. वर्षं जोडून ठेवली असती तर अठरा वर्षांची पेन्शन महिना ३,८५७ रुपये होते. ती आयुष्यभर, आणि त्याच्यामागे बायकोला निम्मी. २०१४ पासून किमान पेन्शन फक्त एक हजार आहे आणि ती ७,५०० करा म्हणून पेन्शनर संघटना वर्षानुवर्षं भांडत आहेत. तेव्हा ३,८५७ फार नाहीत, पण म्हातारपणी औषधपाणी आणि लाईट बिल तरी त्यातून निघतं.

याला दुसरी बाजूही आहे. ते १ लाख ४० हजार वीस वर्षं सात टक्क्यांनी ठेवले तर ५ लाख ४० हजारांच्या आसपास होतात. ज्याला हात न लावता ठेवणं जमतं, त्याला हा हिशेब वाईट नाही. पण बहुतेक घरांत ही रक्कम बाईकच्या डाऊन पेमेंटला, नाहीतर लग्नकार्याला जाते. वर्षभरात तिचा मागमूस राहत नाही.

कोणी काय करावं?

पुढची नोकरीही पीएफवाली असेल तर पेन्शन काढायचा प्रश्नच नाही. नियमाने ती ट्रान्सफरच करायची. पीएफही सोबत न्यावा : पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागू शकतो, ट्रान्सफर केला तर जुनी वर्षं धरली जातात.

नोकरी सोडून शेती, गॅरेज किंवा दुकान बघणार असाल आणि दहा वर्षं झाली नसतील, तर दोन वाटा आहेत : पैसे घ्या किंवा त्याच १०सीवर स्कीम सर्टिफिकेट मागा. सर्टिफिकेट म्हणजे तुमच्या वर्षांची पावती, पुढे पीएफवाली नोकरी लागली की ती जोडली जाते. वय चाळीसच्या पुढे आणि सेवा सहा-सात वर्षं असेल तर सर्टिफिकेटच घ्यावं. दीड-दोन वर्षंच झाली असतील आणि परत कंपनीत जायचं नसेल, तर पैसे घेण्यात फारसं बिघडत नाही. दहा वर्षं पूर्ण झालेल्यांना पैसे काढताच येत नाहीत, त्यांनी सर्टिफिकेट जपून ठेवावं.

ट्रान्सफर झाल्यावर नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसतं. घाबरू नका. पेन्शनची रक्कम पुढे सरकत नाही, सेवा सरकते. पोर्टलवर सर्व्हिस हिस्ट्री बघा आणि ॲनेक्श्चर के डाऊनलोड करून ठेवा.

सीमाभागाची खरी अडचण

पीएफ केंद्राचा आहे, त्यामुळे राज्य बदलल्याने हक्क बदलत नाही. १ जानेवारी २०२५ पासून पेन्शनही देशातल्या कुठल्याही बँकेच्या शाखेतून घेता येते. गोव्यात नोकरी करून गावी परतलेल्याला त्यासाठी पणजी गाठावी लागत नाही.

अडतं ते नावावर. शाळेच्या दाखल्यावर मराठी नाव, आधारवर कन्नडमधून इंग्रजीत गेलेलं, कंपनीच्या रेकॉर्डला तिसरंच स्पेलिंग. त्यात प्रत्येक कंपनीने नवा यूएएन काढला की एका माणसाचे तीन माणूस होतात. जानेवारी २०२५ पासून १ ऑक्टोबर २०१७ नंतरच्या आधार-जोडलेल्या यूएएनमध्ये नाव, जन्मतारीख अशा दुरुस्त्या कंपनीकडे न जाता करता येतात. त्याआधीच्या जुन्या खातेदारांना मात्र कंपनीचा दरवाजा ठोठवावा लागतो, आणि ती कंपनी बंद पडलेली असेल तर हेलपाटे ठरलेले.

म्हणूनच ३६ महिन्यांच्या निर्णयाकडे दोन्ही बाजूंनी बघायला हवं. लोकांनी दहा वर्षं पूर्ण करावीत हा हेतू चांगला आहे. पण ज्याची वर्षं तीन खात्यांत अडकली आहेत, त्याला नुसतं थांबवून पेन्शन मिळणार नाही. पैसे रोखायचे तर आधी जुन्या नोंदी जोडून द्या, ही मागणी कामगार संघटनांनी तिन्ही राज्यांत लावून धरायला हवी.

तोवर आपल्या हातात आहे ते करावं. नव्या कंपनीत रुजू होताना जुनाच यूएएन द्या. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नसेल तर दोन महिन्यांनी ती स्वतः भरा. वारसाची नोंद, म्हणजे ई-नॉमिनेशन, पूर्ण करा : नोकरीत असताना माणूस गेला तर एका महिन्याच्या वर्गणीवरही कुटुंबाला पेन्शन मिळते. आणि १०सीवर सही किंवा ओटीपी देण्याआधी, त्या दिवशी कोणता नियम लागू आहे आणि आपली वर्षं किती झाली, एवढं तरी स्वतः बघा.