वळवाआधी तणावे तपासा! बेंगळुरूतील हौशी रेडिओकर्मींना (हॅम मंडळींना) जाहीर आवाहन



एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपार कलली की आभाळ भरून येतं आणि वळवाच्या सरीआधी सोसाट्याचा वारा सुटतो. तो सुटण्यापूर्वी गच्चीवरच्या अँटेनाचा मनोरा आणि त्याचे तणावे तपासून घ्या, एवढ्यासाठी हे आवाहन.

13 मे 2024 रोजी घाटकोपरला अशाच वादळात अवाढव्य होर्डिंग पेट्रोलपंपावर कोसळलं आणि 17 जणांचा जीव गेला. आपला खांब त्यापुढे किरकोळ असला, तरी त्याच्याखालूनही माणसंच ये-जा करतात. आयएस 875 या भारतीय मानकात बेंगळुरूसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 33 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 119 किलोमीटर धरला आहे. असा वारा दर चौरस मीटरला साधारण 66 किलोंचा दाब देतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. तेव्हा ‘गेल्या वर्षी काही झालं नाही’ या भरवशावर कुणी राहू नये.

कृपया पुढील गोष्टी जातीनं पाहा :

1. तणावा कशाला बांधलाय? कठड्याच्या विटा, टाकीचा पाइप, सोलर हीटरचा स्टँड हे आधार नव्हेत. हुक आरसीसी कॉलममध्ये किंवा बीममध्येच पक्का बसवा. शंका असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

2. अंतर पुरेसं आहे का? तणाव्याचं खालचं टोक खांबापासून उंचीच्या 60 ते 80 टक्के लांब असावं. 40 फुटी खांबाला किमान 24 फूट लागतात. 30 बाय 40 च्या अख्ख्या प्लॉटचाही मध्य कोपऱ्यापासून 25 फुटांवर येतो, आणि गच्ची त्याहून लहानच असते. जागा पुरत नसेल तर खांबाची उंची कमी करा. शिवाय खांब आडवा झाला तरी विजेच्या तारांपर्यंत पोहोचणार नाही, अशाच जागी तो उभारा.

3. क्लिपा सुलट आहेत का? वायर रोपच्या फासात थिंबल हवंच आणि त्यामागे किमान तीन क्लिपा. क्लिपेचं खोगीर ओढ घेणाऱ्या तारेवर बसतं, यू-बोल्ट कापलेल्या टोकावर. उलट लावली तर यू-बोल्ट भार घेणाऱ्या तारेलाच चेपतो. टर्नबकलमधून बारीक तार ओवून ती दोन्ही टोकांना अडकवा, नाहीतर वाऱ्याच्या थरथरीनं तो आपोआप सैल होत जातो.

4. साधी नायलॉनची दोरी वापरू नका. ती ताणाखाली लांबते आणि उन्हानं कुजते.

5. दुसरा तात्पुरता तणावा बांधल्याशिवाय पहिला सोडू नका. पोलंडमधला कॉन्स्टान्टिनूफचा 646 मीटर उंचीचा रेडिओ मनोरा एके काळी जगातली सर्वांत उंच रचना होता. 8 ऑगस्ट 1991 रोजी तो कोसळला, तोही तणावे बदलण्याचं काम चालू असताना.

शेजाऱ्यांना आणि सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनाही विनंती : वॉटरप्रूफिंग किंवा रंगकामाच्या वेळी ‘मध्ये येतो’ म्हणून कारागीर तणावा सोडून ठेवतात. तसं होऊ देऊ नका, आधी मनोऱ्याच्या मालकाला बोलवा. तणाव्यांवर कपडेही वाळत घालू नका. आणि हॅम मित्रांनो, डोक्याच्या उंचीवरून जाणाऱ्या तणाव्यांना रंगीत पाइपाचे तुकडे चढवा, म्हणजे अंधारात कुणी अडकून पडणार नाही.

26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर अंदमानशी संपर्क तुटला, तेव्हा तिथे असलेल्या भारती प्रसाद (व्हीयू2आरबीआय) आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या रेडिओवरून निरोप पोहोचू लागले. आपल्या शहरावर तशी वेळ आली तर लोक आपल्याकडेही त्याच आशेनं पाहतील. ज्याचा मनोरा पहिल्याच वावटळीत आडवा झाला, तो कुणाचे निरोप पोहोचवणार?

येत्या रविवारी सकाळी, वारा पडलेला असताना, जोडीदाराला सोबत घेऊन गच्चीवर जा. एकट्यानं किंवा सेफ्टी बेल्टशिवाय खांबावर चढू नका. आपलं झालं की ओळखीतल्या नवख्या हॅमचा मनोराही पाहून द्या. सामान बदलायचं असेल तर ते याच आठवड्यात आणा, वळीव काही कुणासाठी थांबत नाही.

आपला नम्र,
एक बेंगळुरूकर मराठी हॅम