दुसरा भोंगा

आमच्या लहानपणी सोलापुरात घड्याळाला फारसा मान नव्हता. गाव चाले गिरणीच्या भोंग्यावर. भोंगा झाला की चूल पेटे, भोंगा झाला की आई आम्हाला उठवी, आणि शेजारचे काका तर काकूंशी भांडायलासुद्धा भोंग्याची वाट पाहत. १८७७ साली निघालेली जुनी गिरणी काय किंवा पुढची लक्ष्मी-विष्णू काय, तिथे कोणी कामगाराला गालिच्यावर बसवत नव्हतं. पण त्या भोंग्याचा एक गुण मानलाच पाहिजे. तो 'या' म्हणून वाजे, तसाच 'सुटा' म्हणूनही वाजे.

हे आठवायचं कारण आमचा भाचा. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याला आला, म्हणजे देहाने आला. होम मैदानावर मोठ्या हौसेने मला पाळण्यात बसवलं आणि पाळणा सुटतो न सुटतो तोच त्याचा फोन वाजला. वर गेलं की "येस सर", खाली आलं की "हॅलो, हॅलो!" पाळणा थांबला. साहेब थांबले नाहीत.

रात्री जेवताना त्याने ताटाशेजारी गोळी काढली. मीही माझी काढली. पाहतो तो काय, दोघांची रक्तदाबाची गोळी एकच! माझी अडीच मिलिग्रॅमची, त्याची पाचची. मी ७१ वर्षांचा, तो २९ चा. माझा भाकरीचा घास तोंडातच राहिला.

"अरे, डॉक्टर काय म्हणतात?"

"काम कमी करा म्हणतात. पण मामा, आपले कोटणीस काय ड्यूटीचे तास मोजत होते?"

हा मात्र अस्सल सोलापुरी बाण. भय्या चौकातलं डॉ. कोटणिसांचं घर म्हणजे आम्हाला देऊळच. १९३८ साली चीनला गेले, दिवसरात्र जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या आणि १९४२ साली, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिकडेच गेले. त्यांच्यापुढे मी पामर काय बोलणार? तरी बोललो. म्हटलं, "बाबा रे, त्यांच्या टेबलावर माणूस होता, रक्त वाहत होतं. तुझ्या टेबलावर काय आहे?"

तो जरा घुटमळला. "बटणाचा रंग. निळा की हिरवा, ते सकाळपर्यंत ठरवायचंय."

मेहनत करणाऱ्याच्या मी पाया पडेन. डोकं फिरतं ते उपदेश ऐकून. २०२३ साली नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास सुचवले. २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं ९० तासांचं बोलणं बाहेर आलं. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असा त्यांचा सवाल. मी ४४ वर्षं बघतोय, अजून पुरतं बघून झालेलं नाही! (ती माझ्याकडे बघत नाही, हा भाग वेगळा.) आणि साहेब, ज्या रविवारवर तुम्ही हात टाकताय तो काही कुणी बक्षीस दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना घेऊन सहा वर्षं भांडून १८९० साली तो मिळवलाय. ९० भागिले ७ करून बघा, रोजचे जवळजवळ १३ तास झाले. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा हिशेब सांगतो, की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त राबणाऱ्याला पक्षाघाताचा धोका ३५-४० तासवाल्यापेक्षा ३५ टक्क्यांनी अधिक. ९० तासांचा वेगळा रकाना त्यात नाही. मोजायला तेवढी माणसं तरी उरायला हवीत की!

एवढं सगळं मी भाच्याला ऐकवलं. त्याने मान डोलावली आणि फोन उचलला. मग मी उठलो, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जुन्या गिरणीचा भोंगा काढला. बायको पोळपाट टाकून बाहेर धावली.

"मामा, काय झालं?"

"पाळी सुटली."

तो हसला. फोन पालथा ठेवला आणि भाकरी कुस्करून आमटीत कालवली. तिसऱ्या घासाला फोन पुन्हा थरथरला.